पंचम वर सरकतो तेव्हा

पुणे

चि. मनूस,


तुझं पत्र मिळालं आणि सोबतची चार पानंही. चारही पानांवर चौकटी, चौकटींत ठिपके आणि प्रत्येकीच्या डोक्यावर 'शार्प ५' नाहीतर अधिकाचं चिन्ह. जॅझसाठी यातल्या कुठल्या कॉर्ड आधी पाठ करू, असं तू विचारलं आहेस. माझं ऐकशील तर एकही नको. पानं फाडू नकोस. गिटारच्या केसमधल्या खालच्या कप्प्यात, जुन्या तारांच्या सोबतीला ठेवून दे. काही महिन्यांनी बाहेर काढशील तेव्हा त्यातल्या बऱ्याच चौकटी तुला न पाहता वाजवता येत असतील आणि बाकीच्यांचं फारसं अडलं नव्हतं हेही कळलेलं असेल.

हे मी थट्टेनं म्हणत नाही, हिशेबानं म्हणतोय. मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प. त्यातला पंचम अर्ध्या स्वरानं वर सरकवला की सा, ग, कोमल ध होतात आणि हीच ऑगमेंटेड. सी हा षड्ज धरला तर सी, ई आणि जी शार्प. आता अंतरं मोज. सी ते ई चार फ्रेट, ई ते जी शार्प चार फ्रेट, जी शार्प ते वरचा सी पुन्हा चार. सप्तकाच्या बारा अर्धस्वरांचे तीन सारखे वाटे. त्यामुळे सी ऑगमेंटेड, ई ऑगमेंटेड आणि जी शार्प ऑगमेंटेड ही एकाच कॉर्डची तीन नावं. स्वर तेच, खर्जात कोण बसलंय तेवढं बदलतं. बाराला तीनानं भागलं की चार. अख्ख्या गिटारवर ऑगमेंटेड त्रिस्वर आहेत ते चारच. तुझ्या पानांवरच्या कितीतरी चौकटी म्हणजे तीच कॉर्ड चार फ्रेट वर सरकवलेली आहे.

तू गाणं शिकलीस, मूर्च्छना तुला ठाऊक आहेत. भूपाचा गंधार षड्ज मानला की मालकंसाचे स्वर निघतात, पंचम षड्ज मानला की दुर्गाचे. भूपातली अंतरं असमान आहेत म्हणून हे घडतं. सा, ग, कोमल ध या तिघांवर तोच प्रयोग करून बघ. कुठूनही सुरुवात कर, पुन्हा सा, ग, कोमल धच हाती येतात. कानाला यातला षड्ज कुठला ते ठरवता येत नाही, तिघांचा हक्क सारखा. ही कॉर्ड अधांतरी वाटते ती त्यामुळे. मग तिचा उपयोग काय, तर पुढे जाण्यासाठी. मनमाडला कुणी मनमाडसाठी उतरत नाही, तिथून गाडी बदलून पुढे जातात. ही कॉर्ड तसं जंक्शन आहे. तिथे कुठून आलीस आणि तिथून कुठे निघालीस एवढंच शिकायचं आहे. हे एक लक्षात राहिलं तर पुढचं सगळं पत्र त्याचा विस्तार आहे असं समज.

आधी आकार उरकून टाकू, ते थोडेच आहेत. तारा मी नेहमीसारख्या मोजतोय: पहिली सगळ्यांत बारीक, सहावी सगळ्यांत जाड. सी ऑगमेंटेड शेजारशेजारच्या तीन तारांवर अशी पडते. सहावी, पाचवी, चौथी: फ्रेट ४, ३, २. पाचवी, चौथी, तिसरी: ३, २, १. चौथी, तिसरी, दुसरी: २, १, १. तिसरी, दुसरी, पहिली: १, १ आणि मोकळी. यामागचं कारण कळलं की पाठ करायला काही उरत नाही. शेजारच्या दोन तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर असतं आणि या कॉर्डच्या दोन स्वरांमध्ये चारचं, म्हणून पुढच्या तारेवर बोट एक फ्रेट मागे येतं. फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत अंतर चारच फ्रेटचं, म्हणून तिथे दोन्ही बोटं एकाच फ्रेटवर. झाले आकार. उरलेल्या तीन कॉर्ड म्हणजे हेच एक, दोन आणि तीन फ्रेट वर.

आता खरा अभ्यास. शेवटचा आकार घे आणि चार फ्रेट वर ने: तिसरी तार पाचव्या फ्रेटवर, दुसरी पाचव्यावर, पहिली चौथ्यावर. स्वर सी, ई, जी शार्प. दोन बोटं जागच्या जागी ठेव आणि एकच बोट एक फ्रेट हलव. पहिली तार चौथ्यावरून तिसऱ्यावर आण: सी मेजर. परत मूळ जागी ये. दुसरी तार पाचव्यावरून चौथ्यावर: ए फ्लॅट मेजर. परत. तिसरी तार चौथ्यावर: ई मेजर. आता वरच्या बाजूनं. पहिली तार पाचव्यावर: ए मायनर. दुसरी तार सहाव्यावर: एफ मायनर. तिसरी तार सहाव्यावर: सी शार्प मायनर. एका बोटाच्या एका पावलात सहा ठिकाणं. चार ऑगमेंटेड आणि प्रत्येकीच्या सहा वाटा मिळून चोवीस, म्हणजे बारा मेजर आणि बारा मायनर. एकही कॉर्ड सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही.

हे गणित जॅझवाल्यांनी शोधलेलं नाही. कार्ल फ्रीड्रिश वाइट्समान नावाच्या जर्मन संगीतज्ञानं १८५३ साली केवळ ऑगमेंटेड कॉर्डवर एक पुस्तिका लिहिली, तिच्यात या नात्यांचा विचार आहे. लिस्टच्या फाउस्ट सिंफनीची सुरुवातच एकापाठोपाठ एक उतरत येणाऱ्या चार ऑगमेंटेड त्रिस्वरांनी होते, आणि त्यात बाराही स्वर येऊन जातात. जॅझनं काय केलं, तर या कॉर्डला रोजच्या कामाला लावलं.

वाजवताना एक गोष्ट तुला खटकेल, म्हणून आधीच सांगतो. तुझा कान तानपुऱ्यावर तयार झालेला आहे. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार गिटारच्या गंधारापेक्षा उतरलेला असतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तो स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर पडतो आणि फ्रेटचा गंधार बरोबर ४०० वर. तानपुऱ्याचे तीन गंधार एकावर एक रचले तर वरच्या षड्जाला सुमारे ४१ सेंट कमी पडतात, वर्तुळ मिटत नाही. गिटारवर ते मिटतं, कारण फ्रेट समान वाटून ठेवलेले आहेत. म्हणजे ही कॉर्ड जी काही जादू करते ती गिटारचा गंधार थोडा चढा आहे म्हणूनच करते. तेव्हा कानाला गोड लागावा म्हणून दुसरी तार उतरवून घेऊ नकोस. एक कॉर्ड गोड होईल आणि चार फ्रेट वर गेल्यावर तीच बेसूर लागेल. गाताना तुझा गंधार, वाजवताना फ्रेटचा. दोन्ही सांभाळता येतात.

आता जॅझकडे. निव्वळ ऑगमेंटेड त्रिस्वर तिथे कमी वेळा भेटतो; जास्त करून तो डॉमिनंट सेव्हन्थच्या पोटात असतो. जी सेव्हन्थमधला पंचम डी, तो वर सरकून डी शार्प झाला की जी सेव्हन शार्प फाइव्ह. पुढच्या तीन कॉर्ड गिटार हातात घेऊनच वाच.

पहिली, डी मायनर नाइन्थ: पाचवी तार पाचव्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी पाचव्यावर, दुसरी पाचव्यावर. दुसरी, जी सेव्हन शार्प फाइव्ह: सहावी तिसऱ्यावर, पाचवी गप्प, चौथी तिसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर, दुसरी चौथ्यावर. तिसरी, सी मेजर नाइन्थ: पाचवी तिसऱ्यावर, चौथी दुसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर, दुसरी तिसऱ्यावर. पहिली तार तिन्हींत गप्प.

सावकाश वाजव, एकेका कॉर्डला चार मात्रा दे आणि मग एकेक तार वेगळी काढून ऐक. सी हा षड्ज धर. खर्ज चालतो रे, प, सा. चौथ्या तारेवर म, म, ग. तिसऱ्या तारेवर सा, नी, नी. आणि दुसऱ्या तारेवर ग, कोमल ग, रे. पाचवा, चौथा, तिसरा फ्रेट, एकेक पायरी खाली. मधला तो कोमल गंधार म्हणजेच तुझा शार्प फाइव्ह. चौकटीत तो नुसता ठिपका होता. इथे तो एका गंधारातून निघालाय आणि रिषभावर उतरतोय. ती ओळ तोंडानं म्हण: ग, कोमल ग, रे. म्हणता आली की कॉर्ड आली, मग बोटं कुठली लावलीस याला महत्त्व नाही.

आता मधली कॉर्ड तशीच ठेव आणि सी मेजरऐवजी सी मायनरला जा: पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर, चौथी पाचव्यावर, तिसरी पाचव्यावर, दुसरी चौथ्यावर. दुसऱ्या तारेवरचं बोट हललंच नाही. जो स्वर मघाशी वाटसरू होता तो इथे घरचा निघाला, कारण सी मायनरचा गंधार तोच. म्हणून मायनरकडे जाताना ही कॉर्ड इतकी सहज बसते. 'स्टेला बाय स्टारलाइट' ही व्हिक्टर यंगची चाल १९४४ सालच्या 'द अनइनव्हाइटेड' या चित्रपटातली. तिचा मधला भाग जी सेव्हन शार्प फाइव्हनं उघडतो आणि दोन बार तिथे थांबून सी मायनरला जातो. हाताखाली हे दोन आकार आहेतच. रेकॉर्डबरोबर वाजवून बघ.

कॉर्ड चार्टवर हीच गोष्ट कधी शार्प फाइव्ह म्हणून लिहिलेली दिसेल, कधी फ्लॅट थर्टीन्थ म्हणून, कधी नुसतं 'ऑल्टर्ड' असेल. फ्रेट एकच. ढोबळ खूण अशी धर: शार्प फाइव्ह लिहिलं असेल तर पंचम हलवलेला आहे, शुद्ध पंचम वाजवू नकोस. फ्लॅट थर्टीन्थ लिहिलं असेल तर तो स्वर वरून जोडलेला आहे आणि खाली पंचम असण्याला हरकत नाही. लिहिणारे नेहमी हे पाळतात असं नाही, म्हणून शेवटचा निवाडा चालीवर सोडायचा.

तो निवाडा कसा करायचा, तेही सांगतो. जॅझ गिटार शिकवणारा कुणीही तुला पहिल्या महिन्यात सांगेल की कॉर्डमधला पंचम सोडून दे, त्यानं काही बिघडत नाही. खर्ज बेसवाल्यावर सोपव आणि गंधार व निषाद तेवढे धर. सल्ला योग्य आहे. इथे मात्र उलटं. ऑगमेंटेडमध्ये बाकी काहीही सोड, तो सरकलेला पंचम सोडू नकोस, नाहीतर उरते साधी सेव्हन्थ. आणि तो स्वर घालण्याआधी गाणारा किंवा सॅक्सोफोनवाला त्या मात्रेला काय धरून बसलाय ते बघ. जी सेव्हन्थवर त्याचा स्वर डी असेल आणि तू खालून डी शार्प वाजवलास, तर अर्ध्या स्वराची ती टक्कर तुझ्या खात्यावर जमा होईल. चाल डीवर असेल तर साधी सेव्हन्थ वाजव. चाल ए, बी किंवा एफवर असेल तर वाट मोकळी. हौसेखातर प्रत्येक सेव्हन्थला शार्प फाइव्ह करणारे गिटारिस्ट असतात. त्यांच्याबरोबर गायला लोक फार उत्सुक नसतात.

दुसरा उपयोग याहून सोपा आणि जुना आहे. एकच कॉर्ड दोन-चार बार चालायची असेल तर तिच्यातला एक स्वर चालता ठेवायचा. अगदी पहिल्या आठवड्यात शिकलेला सी मेजर धर, मोकळ्या तारांचा. तिसरी तार मोकळी आहे, म्हणजे पंचम. ती पहिल्या फ्रेटवर आण: सी ऑगमेंटेड. दुसऱ्यावर: सी सिक्स्थ. तिसऱ्यावर: सी सेव्हन्थ. बाकीच्या तारा तशाच. प, कोमल ध, ध, कोमल नी असा जिना चढलीस आणि आता एफला जायची तयारी झाली. बोटांची थोडी अदलाबदल करावी लागेल, विशेषतः सिक्स्थला. ती हळू कर, पण तिसऱ्या तारेचा स्वर मध्ये तुटू देऊ नकोस.

मायनरमध्ये हीच गोष्ट उतरती असते. ए मायनर धर, मोकळ्याच तारांचा. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर आहे, तिथून पहिल्यावर, मग मोकळी. पुढचा स्वर एफ शार्प, तो चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळेल. षड्ज, शुद्ध निषाद, कोमल निषाद, धैवत. रिचर्ड रॉजर्सच्या 'माय फनी व्हॅलेंटाइन'ची (१९३७) सुरुवात सी मायनरमध्ये याच उतरणीवर उभी आहे. यातली दुसरी कॉर्ड नीट बघ, जिला ए मायनर मेजर सेव्हन्थ म्हणतात. पाचवी तार मोकळी, चौथी दुसऱ्यावर, तिसरी आणि दुसरी पहिल्यावर, पहिली मोकळी. आता पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर एक बोट ठेव. झाली सी ऑगमेंटेड! वरच्या चारही तारा जशाच्या तशा, खर्ज तेवढा बदलला. सी ऑगमेंटेडखाली ए ठेवला तर ए मायनर मेजर सेव्हन्थ, एफ ठेवला तर एफ मायनर मेजर सेव्हन्थ, सी शार्प ठेवला तर सी शार्प मायनर मेजर सेव्हन्थ. नवीन आकार एकही शिकावा लागला नाही.

तू ज्यांना 'ॲडव्हान्स्ड' म्हणतेस त्या कॉर्ड या पायरीवर येतात आणि आता त्या तुला घाबरवणार नाहीत. सी मेजर सेव्हन शार्प फाइव्ह घे: पाचवी तार तिसऱ्यावर, चौथी दुसऱ्यावर, तिसरी पहिल्यावर, दुसरी आणि पहिली मोकळ्या. खाली सी आणि वर ई मेजर, इतकंच आहे ते. ए मेलॉडिक मायनरच्या तिसऱ्या स्वरावर ती आपोआप तयार होते. ऐकायला धारदार आहे, म्हणून जपून. तिच्यातला जी शार्प खाली जीवर किंवा वर एवर सोडवलास की कान निवतो.

जी नाइन्थ शार्प फाइव्ह दहाव्या फ्रेटच्या आसपास छान बसते: पाचवी तार दहाव्यावर, चौथी नवव्यावर, तिसरी आणि दुसरी दहाव्यावर, पहिली अकराव्यावर. हा आकार दोन-दोन फ्रेट सरकवत ने. स्वर त्याच सहांतले निघत राहतील, कारण सगळी कॉर्ड होल टोन स्केलमधली आहे. तिथे प्रत्येक पाऊल पूर्ण स्वराचं असतं आणि असे स्केल दोनच आहेत. पियानोवर थेलोनियस मंक या स्केलच्या तानांसाठी ओळखला जातो. वेन शॉर्टरची 'जुजू' ही १९६४ साली ध्वनिमुद्रित झालेली रचनाही त्याच रंगाची आहे. आणि एक शेवटची: चौथी तार तिसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर, दुसरी चौथ्यावर, पहिली सहाव्यावर. बेसवाल्यानं जी वाजवला तर ही जी सेव्हन शार्प फाइव्ह शार्प नाइन; त्यानं डी फ्लॅट वाजवला तर तेच चार स्वर डी फ्लॅट थर्टीन्थ होतात. दोन्ही सी कडेच नेतात. बेसवाल्याशी मैत्री ठेवावी ती यासाठी.

'जायंट स्टेप्स' केव्हा, असं तू विचारशीलच. जॉन कोल्ट्रेननं १९५९ साली ध्वनिमुद्रित केलेली ही रचना बी, जी आणि ई फ्लॅट या तीन पट्ट्यांत फिरत राहते. अंतरं मोज: चार-चार फ्रेट. एका कॉर्डच्या आत असणारी समान अंतरं त्यानं अख्ख्या रचनेला लावली. ऐकायला आजच सुरू कर, वाजवायला घाई नको. आत्ता वाजवलीस तर बोटं फक्त पत्ते शोधत धावतील. एका पट्टीतली रे, प, सा ची वाट बाराही ठिकाणी न अडखळता जमली की मग तीन पट्ट्यांना जोडायला घे.

ऐकण्याबद्दल थोडं. बिल इव्हान्स आणि जिम हॉल यांची 'अंडरकरंट' (१९६२) लाव. दोघंच आहेत, पियानो आणि गिटार, आणि पहिलंच गाणं 'माय फनी व्हॅलेंटाइन'. जिम हॉल किती कमी स्वर वाजवतो तिकडे लक्ष दे. जो पासच्या 'व्हर्चुओसो'मध्ये एकटी गिटार खर्ज, कॉर्ड आणि चाल तिन्ही कशी सांभाळते ते ऐक. चक बेरीचं 'नो पर्टिक्युलर प्लेस टू गो' आणि बीटल्सचं 'ओ! डार्लिंग' दोन्ही पहिल्याच फटक्याला ऑगमेंटेडनं उघडतात, म्हणजे रॉकवाल्यांनीही हे जंक्शन ओळखलं होतं. आणि आपल्या मुंबईत १९३६ साली जन्मलेला, मुळात गोव्याच्या घरातला अमान्सियो डिसिल्व्हा जरूर ऐक. १९६९ साली लंडनमध्ये त्यानं 'इंटिग्रेशन' केला आणि जो हॅरियटबरोबर 'हम दोनो'. तिथे ऑगमेंटेड हुडकत बसू नकोस. रागाचा कान असलेला माणूस जॅझच्या गिटारवर बसला की कॉर्डची गर्दी कमी आणि एकेका स्वराचं वजन जास्त, हे तुझ्या उपयोगाचं आहे. मुंबईच्या हॉटेलांतले बॅंड आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे करण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता. हे संगीत आपल्याकडे काल आलेलं नाही, तेव्हा संकोच नको.

रोजचा रियाज मोठा नको. मेट्रोनोम साठवर. सुरुवातीला सहा वाटांचा पाठ, एकाच ऑगमेंटेडवर. प्रत्येक वेळी पुढची कॉर्ड वाजवण्याआधी तिचं नाव मोठ्यानं म्हण. मग रे, प, सा ची वाट, आठवड्याला एक पट्टी, दुसऱ्या तारेची ओळ गात. शेवटी प ते कोमल नीचा जिना आणि मायनरची उतरण. अर्ध्या तासात सगळं होतं. हात दुखला तर थांब; ताणलेल्या मनगटानं कमावलेला आकार टिकत नाही. दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी दीड तास बसून भरपाई करायला जाऊ नकोस, पुन्हा अर्धाच तास बस.

आणि आता तुला काम. तुला पाठ असलेलं कुठलंही एक गाणं घे, आवडीचं, जॅझच हवं असं नाही. त्यात ऑगमेंटेड कॉर्ड एकाच जागी घाल, दोन नकोत. मग मला लिहून कळव: कुठल्या शब्दावर घातलीस, तिच्यातला कुठला स्वर कुठून आला आणि कुठे गेला, आणि त्या मात्रेला चाल कुठल्या स्वरावर होती. तिन्ही उत्तरं देता आली तर दुसऱ्या गाण्याला हात घाल. एखादं अडलं तर कॉर्ड काढून टाक आणि गाणं पूर्वीसारखं वाजव, तेही चांगलंच वाजेल.

ताईला सांग, आईचा गुडघा आता बरा आहे आणि डबे पोचले. बाबांना नमस्कार. उत्तर पाठवताना त्या चार पानांतलं काही पाठवू नकोस, तुझ्या हातानं लिहिलेलं पाठव.

तुझा,
मामा

ता. क. पहिली तार वारंवार तुटते असं लिहिलं आहेस. तार बदलण्याआधी ब्रिजवरच्या सॅडलच्या कडेवरून नख फिरवून बघ, टोचलं तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासून घे.